सेकंदाला सहा निरोप

समताला चहा उशिरा मिळाला तर ती रागावत नाही; चहा कुठं अडकला ते शोधायला जाते. मागच्या उन्हाळ्यात खालच्या टपरीवरून चहा वर यायला वीस-वीस मिनिटं लागायला लागली. मी टपरीवाल्याच्या नावानं बोटं मोडत बसलो. ही खाली गेली, पाच मिनिटं नुसती उभी राहिली आणि वर येऊन म्हणाली, "दूध हाये, गॅस हाये, हात चार हायेत. गाळणी एकच हाये. दोन भगोने उकळून गाळणीची वाट पाहून राह्यले." दुसऱ्या दिवशी तिनं घरून जुनी गाळणी आणून टपरीवर दिली. तेव्हापासून चहा वेळेवर येतो आणि टपरीवाला तिला 'गाळणीवाल्या म्याडम' म्हणतो. मला तो अजून 'ओ भाऊ'च म्हणतो.

समता धाडची. वडील बाजारात मापारी, आई अंगणवाडीत मदतनीस. धाडच्या शाळेत दहावी, बुलढाण्यात बीसीए, मग पुण्यात तीन मुलाखती. तिसऱ्या मुलाखतीत ती "मले वाटते" असं बोलून गेली. समोरचे दोघं एकमेकांकडे पाहून गोड हसले. चौथ्या मुलाखतीला ती गेलीच नाही. परत आली आणि आमच्या ऑफिसात चिकटली. आमचं ऑफिस म्हणजे बुलढाण्यात एका फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि सात माणसं. मालकीणबाई, म्हणजे अनुपमा मॅडम, पुण्यात. बाकी पुण्याचं आमच्याकडे काही नाही, एक वॉटर फिल्टर सोडला तर.

आमचं काम समजायला सोपं आहे. शेतातल्या मोटरीच्या स्टार्टरला आम्ही एक डबा जोडतो. डब्यात सिमकार्ड. वावरात थ्री फेज लाइट आली की डबा निरोप पाठवतो. मग आमच्या सॉफ्टवेअरचा फोन शेतकऱ्याला जातो: 'लाइट आली आहे. मोटर चालू करायची असल्यास एक दाबा, बंद करायची असल्यास दोन.' शेतकऱ्यानं घरी बसून एक दाबला की तिकडं मोटर चालू. असे डबे जिल्ह्यात नऊ हजार.

आता नऊ हजार डबे एकदम बोलायला लागले तर ऐकणार कोण? त्यासाठी मधे एक सॉफ्टवेअर बसतं, त्याला मेसेज ब्रोकर म्हणतात. नाव ब्रोकर असलं तरी बिचारा दलाली खात नाही. येईल तो निरोप रांगेत उभा करतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला आमचे छोटे छोटे प्रोग्राम असतात. त्यांना समता 'गडी' म्हणते. एकेक गडी एकेक निरोप उचलतो, फोन लावतो, 'झालं' म्हणून पोच देतो. पोच मिळाली की ब्रोकर तो निरोप रांगेतून काढून टाकतो. हे सगळं नीट चालतंय का, रांग कुठं तुंबली, का तुंबली, हे बघायचं काम समताचं. शेतकऱ्यांच्या शिव्या ऐकायचं काम माझं. हेल्पलाइनवर मी बसतो.

आणि आम्हा दोघांना कामाला लावणारे इंद्रभान सर. जानेफळचे. पन्नाशीचे, आधी मोटर रिवाइंडिंग करायचे. पहिले दोनशे डबे त्यांनी मोटरसायकलवर फिरून स्वतःच्या हातानं बसवले आणि चाळिशी उलटल्यावर कोडिंग शिकले. समताला नोकरीवर घ्यायच्या वेळी तिचे वडील कां-कूं करत होते, तर हे धाडला गेले. ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगी मह्या लेकीसारखी हाये. तिची जबाबदारी माही." नुसतं म्हटलं नाही. रांगेचे आकडे कसे वाचायचे, बिघाड शोधताना घाई का करू नये, सर्व्हर आपल्याशी कसा बोलतो, सगळं तिला शेजारी बसवून शिकवलं. समता पुण्याच्या मुलाखतीची गोष्ट कोणाला सांगत नसे. सरांना सांगितली होती.

तर नोव्हेंबरात हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि माझा फोन तापायला लागला.

पहिला फोन दयाराम बाबांचा. जळगाव जामोदकडचे, संत्र्याची बाग आणि दोन एकर हरभरा. पासष्ट वर्षांचा माणूस, पण फोनवर आवाज असा की स्पीकर लावायची गरज पडत नाही.

"काऊन बे, तुमची बाई झोपते काय?"

"कोणती बाई, बाबा?"

"तेच, लाइट आली म्हनून सांगनारी. साडेआठले लाइट आली. बाईचा फोन आला सव्वानऊले!"

"नेटवर्क असेल बाबा."

"मंग दोन दाबला, मोटर बंद कर म्हनून. तं मोटर बंद झाली अर्ध्या घंट्यानं. पानी गेलं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. आता तो लठ्ठ घेऊन धुऱ्यावर उभा हाये. पाठवू का तुह्या नेटवर्कले त्याच्याकडे?"

असे फोन त्या दिवशी चाळीस आले. दुसऱ्या दिवशी सत्तर. मी वहीत गाव, नाव, नंबर लिहीत गेलो, कारण लिहिताना निदान उत्तर द्यावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी अनुपमा मॅडमनी मीटिंग घेतली. स्क्रीनवर मॅडम आणि त्यांचा पुण्यातला एक सल्लागार. सल्लागारानं हिरवा आलेख दाखवला. "दिवसाची सरासरी काढली तर सेकंदाला जेमतेम सव्वा निरोप येतो. तुमची सिस्टीम सेकंदाला सहा निपटवते. म्हणजे क्षमता पाचपट आहे. मला तर अडचण दिसत नाही."

समता म्हणाली, "सर, लाइट सरासरीनं येते का?"

सल्लागाराला प्रश्नच कळला नाही. तिनं समजावलं. आमच्याकडं लाइट फीडरच्या, म्हणजे वीजवाहिनीच्या, टाइमटेबलानं येते. साडेआठ वाजले की तीन हजार डबे एकाच मिनिटात जागे होतात, आणि प्रत्येक जण पाच-पाच निरोप टाकतो: लाइट आली, तीन फेजचे व्होल्टेज, मोटर तयार. झाले पंधरा हजार. सेकंदाला सहानं ते संपायला चाळीस मिनिटं लागतात. दिवसभर रांग रिकामी असते, म्हणून सरासरी हिरवी. "आणि मागच्या हंगामात आपण सेकंदाला साठ काढत होतो," ती म्हणाली. "पाच मिनिटांत रांग संपायची. साठाचे सहा कधी झाले, ते शोधावं लागेल."

मॅडम म्हणाल्या, "समता, पुढच्या शुक्रवारपर्यंत शोध. नाही झालं तर सॉफ्टवेअरचं काम मी पुण्याला हलवते. बुलढाण्यात फक्त डबे बसवणारी टीम राहील." याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना कळला. सातपैकी सॉफ्टवेअरचं माणूस म्हणजे समता. सर दोन्हीकडचे, ते कुठंही खपले असते.

मीटिंग संपल्यावर सरांनी तिच्या खुर्चीमागं उभं राहून म्हटलं, "घाबरू नको बेटा. मी हाओ ना. दोघं मिळून पाहू."

आणि खरंच पाहिलं त्यांनी. रोज सकाळी आठला दोघं स्क्रीनसमोर. सर म्हणाले डिस्क तपास, ब्रोकर प्रत्येक निरोप डिस्कवर लिहितो, तिथं दम लागत असेल. समतानं तपासली, डिस्क निवांत होती. सर म्हणाले मशीन लहान पडलं असेल. मॅडमना विनंती करून दुप्पट मशीन घेतलं. साडेआठ वाजले, निरोप सेकंदाला सहा. सर म्हणाले गडी वाढव. चाराचे आठ केले. सहा. आठाचे सोळा केले. सहाच. सर म्हणाले मोबाइल कंपनीचं नेटवर्क असेल, त्यात तिचे दोन दिवस गेले. मी त्यांच्यासाठी चहा आणत होतो आणि सर माझ्याकडं बघून म्हणत होते, "प्रेम, या पोरीची जिद्द पाह्य जरा. नाही तं तू." मी म्हणालो, सर, माझीही जिद्द आहे, फक्त ती लंचनंतर सुरू होते.

बुधवारी सकाळी समता सरांची वाट न पाहता साडेसातलाच येऊन बसली होती. मी आलो तेव्हा कागदावर फक्त 'सहा' लिहून त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"प्रेम, गडी चार असले तरी सहा. सोळा असले तरी सहा. मशीन डबल केलं तरी सहा. कोणी दमलेलं नाही रे. प्रोसेसर बसून हाये, डिस्क बसून हाये, गडी बसून हायेत. सगळे रिकामे, आणि रांग हालत नाही."

"मग?"

"मग सगळे कशाची तरी वाट पाहून राह्यले. एकाच गोष्टीची. ती एका वेळी एकालेच सोडते, आणि एकाले सेकंदाचा सहावा भाग लागते." मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "आम्ही आठ दिवस कोण दमलं ते शोधत होतो. कोण थांबलं ते शोधायला पाहिजे होतं."

त्याच वेळी माझा फोन वाजला. पुन्हा दयाराम बाबा. मी कानापासून वीतभर दूर धरला, त्यामुळं समतालाही सगळं ऐकू गेलं.

"तुमची बाई आजही लेट. पन ते दुसरी कंपनी पाह्य कशी तयार हाये!"

"कोणती दुसरी कंपनी, बाबा?"

"मले काय मालूम! तुमच्या बाईचा फोन झाला का पाच मिन्टात त्याहीचा फोन. म्हने बाबा, तुमच्या मोटरले एका फेजवर व्होल्टेज कमी येऊन राह्यलं, मोटर जळन, आमचा नवा स्टार्टर घ्या. आन् खरंच कमी येते बे! वायरमनले दाखवलं म्या. त्याहीले माह्या वावरातलं कसं कळलं?"

समतानं माझ्या हातातून फोन घेतला. "बाबा, मी समता बोलते, ऑफिसातून. त्या कंपनीचा पहिला फोन कधी आला होता?"

"दिवाळीच्या आंगेमांगे. काऊन?"

"काही नाही बाबा. मी सांगते तुम्हाले. मी स्वतः फोन करते."

फोन ठेवून तिनं एक साधी गोष्ट केली. एका निरोपाला प्रत्येक पायरीवर वेळेचा शिक्का मारायला लावला. रांगेतून उचलला तेव्हा एक, फोन लावायला दिला तेव्हा दोन, पोच दिली तेव्हा तीन. एक ते दोन, पापणी लवायच्या आत. दोन ते तीन, तिथं भोक. फोन लावून झाल्यावर आणि पोच द्यायच्या आधी गडी कुठंतरी जात होता, उभा राहत होता, आणि मग परत येत होता. आणि तिथं एका वेळी एकच गडी जाऊ शकत होता. बाकीचे पंधरा दाराबाहेर.

ते दार सापडलं एका जुन्या फाइलमधे. सगळे गडी वापरतात ती फाइल, कधी बिघडत नाही म्हणून कोणी उघडत नाही. त्यात सहा ओळी घुसवलेल्या होत्या. प्रत्येक निरोपाची एक प्रत, शेतकऱ्याचा नंबर, गाव, तिन्ही फेजचे आकडे, सगळं बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचं. तिकडून 'मिळालं' येईपर्यंत थांबायचं. मग पुढचा. ऑक्टोबरात निरोप कमी होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. हरभऱ्याला पाणी सुरू झालं आणि दार अपुरं पडलं.

"सापडलं!" मी ओरडलो. खुर्चीवरून उठलोसुद्धा.

समता उठली नाही. कोडच्या प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसते. ती तिकडं बघत होती. मी वाकून पाहिलं. नाव होतं समताचं.

मला तिचा चेहरा अजून आठवतो. चोरी सापडली आणि चोराच्या अंगावर आपलाच शर्ट निघाला, असा.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली. मला नाही, स्क्रीनला.

"तारीख कोणती?"

तारीख दसऱ्याची. वेळ सकाळी दहा पन्नास.

इथं आमच्या ऑफिसची एक रीत सांगावी लागेल. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे आपापला लॅपटॉप ऑफिसात ठेवून जातात. सकाळी इंद्रभान सर येतात, लॅपटॉप ओळीनं मांडून हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. रिवाइंडिंगच्या दुकानात ते पकड-पान्यांची पूजा करायचे, इथं लॅपटॉपची. समताच्या घरी ही पूजा नसते. त्या दिवशी ती दरवर्षी आईवडिलांना घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर जाते. यंदा ती लॅपटॉप सोबत नेणार होती, न जाणो काही बिघडलं तर. सरच म्हणाले, "येवढ्या गर्दीत कुठी नेतं बेटा? ठेव अठीच. पासवर्ड सांगून ठेव, काही अडलं तं मी पाहून घेतो." आमच्याकडं पासवर्ड सांगणं म्हणजे गावाला जाताना शेजारी घराची किल्ली ठेवणं. सांगितला नाही तर उलट माणूस दुखावतो. तिनं सांगितला. सरांनी तर लिहूनही घेतला नाही. म्हणाले, लक्षात राहते.

समतानं मोबाइल काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर बोट वर सरकवत गेली. दसरा. सरांनी स्वतः टाकलेला फोटो, सव्वादहाचा. सात लॅपटॉप, सात माळा, मधे नारळ, खाली 'सर्वांना विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा'. सहा लॅपटॉप बंद. एक उघडा, चालू. त्याच्या कोपऱ्याला चिकटपट्टी. चिकटपट्टीवाला लॅपटॉप ऑफिसात एकच आहे, समताचा. फोटोखाली सगळ्यांनी टाकलेले जोडल्या हातांचे इमोजी. त्यात समताचाही. नागपूरला पाण्याच्या रांगेत उभी राहून टाकला होता.

सर त्या दिवशी उशिरा, साडेदहाला आले. समता त्यांना म्हणाली, "सर, जरा अठी या." मी उठून जायला लागलो. तिनं मला बस म्हणून खूण केली.

सरांनी स्क्रीन पाहिली. काही विचारलं नाही. त्यांनी 'हे काय' असं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं समता नंतर म्हणाली. मग निदान एक मिनिट तरी शंका राहिली असती.

"सर, आठ दिवस तुम्ही माह्या बाजूले बसून होते," ती म्हणाली. "डिस्क पाह्य म्हणले, मी पाहिली. नेटवर्क पाह्य म्हणले, तेही पाहिलं."

सर खाली बसले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला. "मी काय चोरलं, बेटा? हे लोक माहेच हायेत. गावोगाव मी फिरलो. त्याहीच्या धुऱ्यावर बसून मी भाकर खाल्ली. मॅडमनं त्याहीचं तोंड तरी पाह्यलं का? ते फोन करनारी कंपनी माहीच हाये. माही माणसं मी घेऊन चाललो, येवढंच."

"मंग माहं नाव काऊन?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुह्यावर कोनी शकच घेनार नाही, म्हनून."

मला वाटलं समता रडेल. ती म्हणाली, "सर, उद्या मॅडमची मीटिंग हाये."

सरांचा आवाज लगेच बदलला. कामाचा झाला. "पाह्य. ते सहा ओळी आता काढून टाक. सांग, मशीन मोठं केलं, गडी वाढवले, ठीक झालं. तुही नोकरी वाचते, माहं नाव वाचते. मी दोन महिन्यांनी जातोच हाओ. कोनाचं काय बिघडते?"

"विचार करते," समता म्हणाली. ओळी तिनं काढल्या. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, साडेआठला पंधरा हजार निरोप आले आणि चार मिनिटांत संपले. दयाराम बाबांना लाइट आल्याबरोबर फोन गेला असणार, कारण त्यांचा मला आला नाही.

मीटिंग अकराला. समतानं सगळं कागदावर लिहून आणलं होतं. तिनं तोंड उघडायच्या आधी सर बोलले. पुण्याची भाषा त्यांना बोलता येते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मॅडम, आनंदाची गोष्ट म्हणजे दोष सापडला आणि दुरुस्तही झाला. दुःखाची गोष्ट अशी की काही ओळींमधून आपली माहिती बाहेर जात होती, आणि त्या ओळी समताच्या नावावर आहेत. कोणीतरी तिला फसवलं असावं. पोर लहान आहे. मी तिला शिकवलं, म्हणजे चूक माझीही आहे. मी हात जोडून विनंती करतो, तिला माफ करा."

त्यांनी खरंच हात जोडले. समतानं त्यांच्याकडं मान वळवून पाहिलं. तीन वर्षं ज्या माणसाच्या शेजारी बसून ती दुसऱ्याचे बिघाड शोधायला शिकली, तो तिच्यासाठी माफी मागत होता, आणि इतकी छान मागत होता की क्षणभर मलाही वाटलं, द्यावी.

मॅडम म्हणाल्या, "समता?"

समतानं दसऱ्याचा फोटो स्क्रीनवर लावला, शेजारी त्या सहा ओळी, तारीख, वेळ. आणि नागपूरच्या रेल्वेचं तिकीट. एवढं करून ती म्हणाली, "मॅडम, पासवर्ड मी दिला होता. ती चूक माझी आहे. बाकीचं सरांना विचारा." बोलताना ती 'मले' म्हणाली नाही, 'माझी' म्हणाली. मला ते का कोण जाणे फार वाईट वाटलं.

मॅडमनी आम्हाला बाहेर जायला सांगितलं. सर आणि त्या अर्धा तास बोलले. सर बाहेर आले, टिफिन उचलला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो प्रेम." समताकडं पाहिलं नाही. जिन्यात मात्र थांबले आणि वर न बघता म्हणाले, "तुह्या बाबाले सांगजो, इंद्रभाननं विचारलं म्हणून." समतानं तेव्हा हातातला स्टेपलर जिन्यात फेकला. लागला नाही. लागायला पाहिजे होता, असं माझं मत आहे.

शुक्रवारी मॅडमचा मेल आला. इंद्रभानजी वैयक्तिक कारणास्तव कंपनी सोडत आहेत, त्यांच्या योगदानाबद्दल आभार. निरोपांच्या विलंबाची तांत्रिक अडचण दूर झाली आहे. मग समताला वेगळा फोन. तिनं स्पीकरवर घेतला.

"समता, काम उत्तम केलंस. सॉफ्टवेअर बुलढाण्यातच राहील आणि यापुढं टीमची प्रमुख तू. फक्त एक. त्या माहितीबद्दल बाहेर कुठं बोलायचं नाही."

"मॅडम, शेतकऱ्यांना तर सांगावं लागेल ना? नऊ हजार लोकांचे नंबर गेलेत. मोटर कधी चालू असते, माणूस वावरात कधी असतो, सगळं गेलंय."

"त्यानं नुसती घबराट होईल. आणि कंपनीचं नाव जाईल. इंद्रभानजींशी माझं बोलणं झालंय, ते ती यादी वापरणार नाहीत."

"त्यांनी शब्द दिला?"

"हो."

समता हसली. आठवडाभरात पहिल्यांदा. "माझ्या बाबांना पण दिला होता," ती म्हणाली.

मॅडमना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्या म्हणाल्या, "सो, हे क्लिअर आहे," आणि फोन ठेवला.

सोमवारी सकाळी समता माझ्या टेबलाशी आली आणि तक्रारींची माझी वही मागितली. त्यात तीनशे बारा नावं होती. मला वाटलं आकडेवारीसाठी हवी असेल. तिनं माझा हेल्पलाइनचा फोन स्वतःकडं ओढला आणि पहिला नंबर लावला.

"बाबा, मी समता. ऑफिसातून. तुम्हाले म्हटलं होतं, मी फोन करते म्हणून."

"हाव, बोल माय. आता बाई टायमावर हाये तुमची."

"बाबा, त्या दुसऱ्या कंपनीले तुमचं कसं कळलं, ते सांगायचं होतं. आमच्या ऑफिसातून गेलं. माह्या लॅपटॉपवरून. माह्या पासवर्डानं. लिहिलं आमच्या सरांनी, पण पासवर्ड मी देल्ता."

दयाराम बाबांचा आवाज इतका खाली आला की मी कान पुढं केला.

"कोन सर? इंद्रभान?"

"हाव."

"त्यानंच तं बसवला होता माह्या वावरात डबा. माह्या घरी जेवला. माही बायको म्हने, देवमानूस हाये." मग आवाज चढला. "आन् तुमच्या कंपनीनं काय केलं मंग त्याले?"

"आभार मानले," समता म्हणाली.

बाबा हसले नाहीत. "तो डबा काढून घेऊन जा, माय. मी जाईन पायी, पाहीन लाइट आली का. पह्यले जातच होतो."

"बाबा, आता ते बाहेर जात नाही. मी स्वतः बंद केलं."

"तू खरंच सांगून राह्यली असशीन. पन तोही खरंच सांगे."

"बरं बाबा, माणूस पाठवते," असं म्हणून तिनं त्यांच्या नावापुढं 'डबा काढणे' लिहिलं आणि पुढचा नंबर लावला. तो धाडचा होता. तिच्या वडिलांच्या ओळखीचा निघाला, पाच मिनिटं शिव्या देत होता. तिनं सगळ्या ऐकल्या. बारा फोन झाल्यावर मी माझा स्वतःचा मोबाइल काढला आणि वहीचं मागचं पान उघडलं.

"तू नको," ती म्हणाली. "तुही नोकरी जाईन."

"सोळा गडी लावताना त्यातल्या कोणाला विचारलं होतं का? मी सतरावा."

ती पुढच्या नंबराकडं वळली. दुपारी मॅडमचा फोन आला. कोण्या शेतकऱ्यानं पुण्याला फोन करून चांगलंच सुनावलं असावं. आवाज मलाही ऐकू येत होता. मॅडम बोलत होत्या, समता ऐकत होती, आणि दुसऱ्या हातानं वहीत बोट फिरवून पुढचं नाव शोधत होती.

"हो मॅडम," ती म्हणाली. "मले माहीत हाये तुम्ही नाही म्हटलं होतं. पन्नास झाले. दोनशे बासष्ट बाकी हायेत. ते झाले की तुम्हाले जे करायचं ते करा, मी अठीच हाओ."